वीसमागे दोन फेरे

कॉलेजचा ताणकाटा गंजून बसला होता आणि गौरजाला वाटलं, आपलं नशीब उघडलं. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं जे होतं तेच त्या काट्याचं झालं होतं. सुई पाव किलोवर अडकली होती आणि गुरुदास सरांनी दोनदा आपटूनही जागची हलली नव्हती. "कोणाच्या घरी ताणकाटा आहे का?" सरांनी विचारलं आणि सगळ्या वर्गाच्या आधी गौरजाचा हात वर गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण बारावीतल्या मुलीला ते कळायला अजून आठवडा जायचा होता.

काटा तिच्या आईचा होता. सुगंधा रोज सकाळी तोंडवलीहून पाटी घेऊन बाजारात मासे विकायला बसायची. नवरा गोव्यात ट्रॉलरवर, वर्षातून दोनदा घरी. पूर्वी ती वाटे घालून विकायची. बांगड्यांचा एक ढीग, शेजारी दुसरा. गिऱ्हाइकाने डोळ्यांनी बघावा आणि पटला तर पिशवीत घालावा. मग किनाऱ्यावर पर्यटक आले, खानावळी निघाल्या आणि जो तो किलोत बोलायला लागला. तेव्हा तिने काटा घेतला, त्याला आता चार वर्षं झाली. मासे तोलून झाले की सुगंधा त्यावर दोन बांगडे नाहीतर मूठभर सुंगटं, म्हणजे कोळंबी, फुकट टाकायची. याला बाजारात वर घालणं म्हणतात आणि त्या बाबतीत सुगंधाचा हात धरणारं कोणी नव्हतं. गुरुदास सर मूळचे सावंतवाडीचे, खाण्यापिण्यात चोखंदळ, तेही मासे घ्यायचे ते सुगंधाकडूनच.

सोमवारी अर्धा गाव मासे खात नाही, त्यामुळे त्या दिवशी काटा रिकामाच असायचा. गौरजाने मागितला तेव्हा सुगंधाला हसूच आलं.

"दोरयेक गोळो बांधून गरागरा फिरवतलास? आणि तेका माझो काटो कित्याक?"

"दोरयेक ताण किती येता ता मोजूक."

"मोजा बाय, मोजा. पाण्यात घालू नको आणि सांजच्याक माका परत व्हयो."

मासा नाही, गिऱ्हाईक नाही, म्हटल्यावर यात तोलण्यासारखं काय असणार, असं तिला वाटलं असावं. नाहीतर इतक्या सहज तिने काटा दिला नसता.

प्रयोग कॉलेजच्या गच्चीवर मांडला. हातभर लांबीची प्लॅस्टिकची नळी, तिच्यातून ओवलेला तंगूस, म्हणजे गळाने मासे पकडायचा नायलॉनचा धागा. तंगुसाच्या वरच्या टोकाला दोनशे ग्रॅमचा रबरी गोळा आणि खालचं टोक काट्याच्या आकड्यात. काटा गच्चीच्या लोखंडी कडीला पक्का बांधलेला. नळी डोक्यावर धरून गोळा एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरवायचा, म्हणजे तो बाहेर पळू बघतो, तंगूस त्याला ओढून धरतो आणि ती ओढ खाली काट्यावर दिसते. फिरवायचं काम गौरजाचं, कारण लहानपणी रापणीची जाळी ओढून तिचे दंड घट्ट झाले होते. काटा सर स्वतः वाचणार होते. पंधरा सेकंदांत फेरे किती होतात ते मोजायचं काम दीपिकाचं.

दीपिका तोंडवलीचीच, भिकाजींची मुलगी. भिकाजींचं दोन खोल्यांचं न्याहारी निवास होतं आणि पुढे खानावळ. त्यांचे मासेही सुगंधाकडूनच यायचे, आठवड्यातून तीनदा, तीन-तीन किलो. भिकाजी फोन करायचे, सुगंधा तोलून रिक्षाने पाठवायची. दीपिका नाकासमोर चालणारी मुलगी, पाचवीपासून गौरजाबरोबर एकाच एसटीने येणारी. तिला विचारल्याशिवाय ती बोलत नसे आणि विचारलं तरी दोन शब्दांवर तिसरा खर्च करत नसे.

पहिल्या वेळी दीपिकाने वीस फेरे मोजले. सरांनी खडूने जमिनीवरच गणित केलं. एवढ्या फेऱ्यांना ताण यायला हवा चौदाशे तीस ग्रॅमच्या वजनाइतका. काटा सतराशेच्या पुढे दाखवत होता. "परत," सर म्हणाले. गौरजाने हळू फिरवलं, मग जोरात फिरवलं, मग हात भरून आला तरी फिरवतच राहिली. प्रत्येक वेळी काटा गणितापेक्षा साधारण पाचवा हिस्सा जास्तच सांगायचा.

"नळीत घर्षण असेल तर काट्यावर कमी दिसेल, जास्त नाही," सर स्वतःशीच बोलत होते. "गोळ्याचं वजन मी प्रयोगशाळेच्या तराजूवर केलंय. त्रिज्या बरोबर. काटा रिकामा असताना शून्यावर आहे. आणि काटा सुगंधाताईंचा, त्याच्यात काय बिघडणार!" मग त्यांनी खडू उचलला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. कोडं सुटलेल्या मास्तराइतका आनंदी माणूस दुसरा नसतो आणि तेवढा धोक्याचाही नसतो. "ताण फेऱ्यांच्या वर्गावर अवलंबून असतो. फेरे दुप्पट तर ताण चौपट. मग वीसच्या जागी बावीस धरून बघू." त्यांनी आकडे मांडले. उत्तर आलं सतराशे तीस. "बघा! सगळं जुळतं. दीपिका, तू वीसमागे दोन फेरे गिळतेस."

गच्चीवर जी पंधरा-वीस मुलं होती ती खदाखदा हसली.

"सर, मी बरोबर मोजलंय," दीपिका म्हणाली.

"सगळ्यांना तसंच वाटतं, बाळ. डोळ्यासमोरून गोळा भराभर जातो, गल्लत होते. पुढच्या सोमवारी सिद्धेश मोजेल. कुडाळच्या विज्ञान प्रदर्शनाला पण तोच येऊ दे गौरजाबरोबर."

सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून दीपिकाचं नाव 'दोन फेरे' पडलं. एसटीत कंडक्टरने तिकीट मागितलं की मागून कोणीतरी ओरडायचं, "दोन फेरे गिळल्यान काय बघा!" कॅन्टीनमध्ये तिने दुसरा वडा मागितला तरी हशा. दीपिका खिडकीबाहेर बघत राहायची. गौरजाही हसणाऱ्यांत होती, खोटं कशाला बोला. अगदी मोठ्याने नाही, पण होती. तिला दीपिकाचा थोडा रागच आला होता. कुडाळचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यात शनिवारी होतं, तिथून निवड झाली तर पुढे पुण्याला जायला मिळणार होतं आणि ही बाई साधे फेरे मोजू शकत नव्हती.

पुढच्या सोमवारी गौरजाने आईचा काटा पुन्हा आणला आणि सिद्धेशने मोजलं. गौरजाने त्याच तालात, त्याच जोराने फिरवलं. काटा सतराशेच्या जरा पुढे.

"बावीस!" सिद्धेशने जाहीर केलं.

सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वहीत लिहून घेतलं. ते खाली गेल्यावर गौरजाने तंगूस गुंडाळता गुंडाळता सिद्धेशला विचारलं, "खरांच बावीस झाले?"

"तुका व्हये किती?" तो डोळा मारून म्हणाला. "सरांक बावीस व्हये होते, मी बावीस दिलंय. मोजता कोण मेला!"

तो शिट्टी वाजवत जिना उतरला आणि गौरजा गच्चीवर तशीच उभी राहिली. फिरवणारा हात तिचा होता. आठवडाभरापूर्वीचा ताल आणि आजचा ताल एकच होता, हे तिच्या दंडाला ठाऊक होतं. म्हणजे तेव्हाही वीस होते आणि आजही वीसच. आणि माणूस मोजायला चुकला तर कधी एकाने चुकतो, कधी तीनने, कधी चुकून बरोबरही येतो. हळू फिरवा, जोरात फिरवा, दर वेळी नेमका पाचवा हिस्सा, इतक्या शिस्तीत चुकणं माणसाला जमत नाही.

काटा पिशवीत घालून ती नळी आणि गोळा ठेवायला खाली प्रयोगशाळेत गेली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. कपाटात वजनांची पेटी होती. तिने अर्ध्या किलोची दोन वजनं काढली आणि सुतळीने बांधून आईच्या काट्याला टांगली. सुई एक किलोवर थांबली नाही. ती पुढे गेली आणि बाराशेवर स्थिर झाली. गौरजाने वजनं काढली, पुन्हा लावली. बाराशे. एकच वजन लावलं तर सहाशे. तिने पेटीवरचा आकडा वाचला, वजनांच्या पाठीवरचा आकडा वाचला. मग ती स्टुलावर बसली. तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली. दीपिकाने एकही फेरा गिळला नव्हता. किलोमागे जवळजवळ पावणेदोनशे ग्रॅम मासे गिळणारा निराळाच होता आणि तो तिने स्वतः पिशवीतून आणला होता.

संध्याकाळी सुगंधा अंगणात पाट्या धुवत होती. गौरजाने काटा तिच्यासमोर ठेवला.

"आये, ह्यो काटो किलोक बाराशे दाखवता."

"कोण म्हणता?"

"मी वजनां लावून बघलंय."

सुगंधाने पाटी उपडी घातली आणि पदराला हात पुसले. "जुनो झालो. खाऱ्या पाण्यात काय ऱ्हवता?"

"जुनो झालो तर शून्याक कसो थांबता? किलोक दोनशे, अर्ध्याक शंभर, इतक्या मापान कसो चुकता?"

शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. सुगंधाने उठून अंगणाचं फाटक लावून घेतलं आणि त्या फाटक लावण्यातच गौरजाला उत्तर मिळालं.

"आठवड्याच्या बाजारात एक माणूस येता," सुगंधा बसत म्हणाली. "स्प्रिंग बदलून देता. मऊ घालता. सगळ्यांनी घालून घेतल्यानी, मी पण काटो घेतलंय तेव्हाच. मी एकटीच देवमाणूस होवन बसलंय असतंय तर तुझ्या बापाशीच्या पगारात ह्या घर चालला असता? गिऱ्हाईक येता, पाचशेची सुरमय तीनशेक मागता. दोन तास घासाघीस करता. ता काटो भरून काढता. तेंका ठावक आसा, आमका ठावक आसा."

"सगळ्यांका खंय ठावक आसा?"

"आणि मी काय कोणाक रिकाम्या हातान धाडतंय? दोन बांगडे वर घालतंय. तुझे सर काय कमी नेतत? उलट सगळा धरून जास्तच नेतत."

"वर कोणाक घालतंस?"

"जो मागता तेका."

"आणि जो मागना नाय तेका?"

सुगंधाने पाटी पुन्हा धुवायला घेतली. ती मघाशीच धुऊन झाली होती.

"वाटे होते ता बरा होता," ती म्हणाली आणि तिचा आवाज खाली आला. "थंय लबाडी करूक जागाच नव्हती. पण आता वाटो कोण घेता? सगळ्यांका किलो व्हयो." मग तिने मान वर केली. "गौरा, तू ह्या कोणाक सांगू नको. झाकली मूठ आसा ती झाकलेलीच ऱ्हवांदे. सर माझे गिऱ्हाईक. तेंनी बाजारात एक शब्द काढलो तर माझ्या पाटीकडे कुत्रो फिरकाचो नाय."

"दीपिकाक सगळी पोरां हसतत, आये. ती चुकली नाय."

"फेरे मोजूक चुकला म्हणून कोणाच्या पोटावर पाय येता काय? चार दिवस हसतली आणि गप ऱ्हवतली. काटो चुकलो म्हणून पोटावर पाय येता. तुझ्याच."

हे खोटं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिच्या गणवेशापासून ते बारावीच्या पुस्तकांपर्यंत सगळं त्या मऊ स्प्रिंगवर लटकलेलं होतं आणि ती आजवर पोटभर जेवलीही त्याच्यावरच होती. रात्री तिने भात चिवडला आणि तशीच उठली. सुगंधाही जेवली नाही.

मंगळवारी प्रयोगाची वही द्यायची होती. वहीच्या शेवटी एक चौकट असते, 'संभाव्य त्रुटी व त्यांची कारणे'. मुलं तिथे वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहितात, की वाऱ्याचा अडथळा व निरीक्षकाची चूक, आणि सर वर्षानुवर्षं त्यावर बरोबरची खूण करतात. गौरजा सकाळभर ती चौकट कोरी ठेवून बसली. तिला सारखी आई दिसत होती, धुतलेली पाटी पुन्हा धुणारी. आणि दीपिका दिसत होती. त्याच सकाळी एसटीत जागा असूनही दीपिका उभी राहिली होती, कोणाच्या शेजारी बसायला नको म्हणून. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा गौरजाने पेन उचलून लिहिलं: 'ताणकाटा खऱ्या वजनापेक्षा वीस टक्के जास्त दाखवतो. प्रमाणित वजने लावून तपासले. फेऱ्यांची पहिली मोजणी, वीस, बरोबर आहे.' आणि आपलं मन फिरायच्या आत ती धावत शिक्षकांच्या खोलीत गेली.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. त्यांचं लक्ष कुठे गेलं ते गौरजाला दिसत होतं. सुरमईच्या तुकड्यांवर, रविवारच्या पिशवीवर, चार वर्षांच्या रविवारांवर. त्यांचे कान लाल झाले. ती ओरडा खायच्या तयारीने उभी होती.

"म्हणजे दीपिकाने बरोबर मोजलं होतं," सर म्हणाले.

"हो सर."

"आणि सिद्धेशने?"

सिद्धेशचं नाव तिने वहीत कुठेच लिहिलं नव्हतं. सरांनी वही मिटली. "काटा कोणाचा होता हे मी कोणाला सांगणार नाही. तूही सांगू नकोस. पण काटा तपासायचं काम माझं होतं. शून्य बघितलं आणि ओळखीवर विश्वास ठेवला. आणि वर त्या पोरीला..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दुपारच्या तासाला त्यांनी ते वर्गात पुरं केलं. उभं राहून, सगळ्यांसमोर, दीपिकाचं नाव घेऊन सांगितलं की मोजणी तिची बरोबर होती, चूक उपकरणात होती आणि उपकरण न तपासता माणसावर ठपका ठेवला ही चूक त्यांची होती. शनिवारी कुडाळला गौरजाबरोबर दीपिका जाईल. सिद्धेश बाकाखाली काहीतरी शोधायला लागला. दीपिकाने फक्त मान हलवली. गौरजाला वाटलं, सुटले. आईचं नाव राहिलं, मैत्रिणीचंही राहिलं. तिच्या छातीवरचं ओझं इतकं हलकं झालं की तिने त्या आनंदात दोन वडे खाल्ले.

संध्याकाळी तोंडवलीच्या थांब्यावर दोघी उतरल्या आणि सुरूच्या बनातल्या वाटेने चालायला लागल्या. अर्ध्या वाटेवर दीपिका थांबली.

"गौरा, उपकरण म्हणजे तोच काटो ना? तुझ्या आवशीचो?"

सर सांगणार नव्हते. पण वर्गात त्या दिवशी काटा कोणी आणला होता ते सगळ्यांनी बघितलं होतं आणि त्यातली एकच मुलगी मोजणारी होती. गौरजाने खोटं बोलायचा विचार केला. तोंडात शब्दही आला. मग तिने नुसतीच मान डोलावली.

"किती चुकता?"

"किलोक बाराशे. खरो किलो तेच्यावर बाराशे दिसता."

दीपिकाचे ओठ हलले. ती गणित करत होती. गौरजाला वाटलं, आता ती चिडेल, पैसे परत मागेल, आईला चोर म्हणेल. त्या सगळ्याला तिने मनाची तयारी केली.

"म्हणजे तीन किलो म्हणान येतत ते अडीचच येतत," दीपिका म्हणाली. "तीन किलोत पंधरा ताटां व्हयी. बाबांचो हिशोब तसो. बाराच होतत. कधी बारा, कधी तेरा. बाबा म्हणतत, उरलेली तीन ताटां आये खंय धाडता? तेंका वाटता ती आमच्या मामाच्या घराक धाडता. चोरून."

गौरजाने दप्तर खांद्यावरून खाली उतरवलं.

"आये म्हणता, माका येतत तितकेच मी रांधतंय. बाबांका ता पटणा नाय. मासे इले की फ्रीजात घालून कुलूप लावतत. चावी तेंच्या कमरेक. तिका तुकडे मोजून देतत." दीपिका पहिल्यांदाच इतकी वाक्यं एका दमात बोलली होती आणि आता तिचा आवाज फुटला. "माका सुद्धा वाटत होता गो, ती धाडता म्हणान. मी पण तिका एकदा विचारलंय."

बनाच्या पलीकडे भिकाजींच्या खानावळीचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. गौरजाला उलटं फिरून घरी पळावंसं वाटलं. उद्या बुधवार, म्हणजे तीन किलोचा फोन यायचा दिवस. हे सांगितलं तर तो फोन येणार नाही आणि पुढचा कुठलाच येणार नाही. आईने तेवढ्यासाठीच तर हात जोडल्यासारखं केलं होतं.

"तू सांगशीत?" दीपिकाने विचारलं. "मी सांगलंय तर बाबा म्हणतीत, आवशीची बाजू घेता."

भिकाजी पडवीत टेबलं पुसत होते. त्यांची बायको अनुजा आत चुलीपाशी मसाला वाटत होती. कपाळावर घाम, पदर खोचलेला. "ये गो गौरा," ती म्हणाली, "कुडाळाक जातास ना शनिवारी? दीपिकान फोन केल्यान माका." तिने वाटण सोडून हात धुतला आणि गौरजासाठी पाट पुढे सरकवला.

गौरजा पाटावर बसली नाही. तिने उभ्यानेच सांगितलं. दोघांना ऐकू जाईल असं, मधल्या दाराशी आतल्या बाजूला उभं राहून. काटा, वजनं, किलोचे बाराशे, तीनचे अडीच. सांगताना तिला आईचं नाव घ्यावं लागलं. भिकाजींच्या हातातलं फडकं टेबलावर तसंच राहिलं.

"कधीपासून?" अनुजाकाकीने विचारलं.

"काटो घेतल्याक चार वर्षां झाली."

अनुजाकाकीने नवऱ्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. रडलीही नाही. ती नुसती बघत राहिली आणि भिकाजींना कुठे बघावं ते कळेना. त्यांनी घसा खाकरला. "सुगंधान असा करूचा..." असं काहीतरी सुरू केलं आणि गिळून टाकलं. मग त्यांचा हात कमरेकडे गेला. करगोट्यात अडकवलेली छोटी पितळी चावी त्यांनी सोडवली. गाठ लवकर सुटेना. चावी त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, बायकोच्या हाताला येईल अशी ठेवली.

"ही तुझ्याकडे ऱ्हवांदे," ते म्हणाले.

अनुजाकाकीने ती उचलली नाही. तिने पाटा पुन्हा पुढे ओढला, खोबऱ्याची मूठ घेतली आणि वाटायला लागली.

"चार वर्षां माझो भाव ह्या घरात जेवूक इलो नाय," ती वाटता वाटता म्हणाली. "तुम्ही येव नको म्हटलात म्हणान. गेल्या दिवाळीक वारलो तो."

दीपिका आईच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसली. चावी उंबऱ्यावर तशीच पडून राहिली. गौरजाला बाहेर पडायचं तर ती ओलांडूनच जावं लागणार होतं.